उणे

सोलापूरच्या वेधशाळेत एकतीस वर्षं
सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच,
पांढऱ्या झडपांच्या पेटीचं दार उघडायचं,
गुडघ्यात वाकून डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा,
श्वास रोखायचा (आपल्या वाफेनंही पारा फसतो)
आणि वहीत उतरवायचं: चव्वेचाळीस पूर्णांक आठ.
शेरा: धूळ.

एकतीस वर्षांत उण्याचं चिन्ह
एकदाही काढलं नाही या हातानं.

अंबादास काढायचा. माझा धाकटा.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला डिझेल मेकॅनिक,
एक वर्ष मैत्रीवर राहून आला
जनरेटरच्या छातीला कान लावून.
सॅटेलाइट फोनवर तीन मिनिटं मिळायची:
अक्का, इथं उणे सव्वीस. तुझ्याकडं?
त्रेचाळीस.
मग तो बेरीज करायचा. सतरा.
म्हणजे दोघांचं मिळून बरं चाललंय म्हणायचं.
उरलेल्या वेळात चटणी संपल्याची तक्रार.

तो गेला तेव्हा त्याच्या वाट्याचे दोन माग
भंगाराच्या भावानं गेले. त्यात माझा फंड घातला.
साखर पेठेत राजमणी म्हणाली,
एवढ्या पैशात तिरुपती चाळीस वेळा झालं असतं की गे,
बर्फच बघायचाय तर फ्रीज उघड.

बोटीवर दोन दिवस समुद्रानं मला
पिंजऱ्यातल्या कांडीसारखं इकडून तिकडं फेकलं.
तिसऱ्या दिवशी उठले, टॉवेलची किनार उलटून पाहिली.
आपल्याकडचा नव्हता. वीण ढिली.

उतरण्याआधी सगळ्यांचे खिसे झाडतात तिथं.
परक्या मुलखाचं बी नको त्या जमिनीला.
माझ्या कोटाच्या अस्तरात ज्वारीचा एक दाणा सापडला,
कुठल्या हुरड्याचा कोण जाणे.
त्या पोरानं चिमट्यानं उचलला,
उजेडात धरला, पिशवीत घालून चिठ्ठी लावली.
मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून इथवर आला होता बिचारा,
शेवटच्या पायरीवर अडला.

मी वाटाड्याला विचारलं, आमचं मैत्री कुठं?
त्यानं नकाशा फिरवला, फिरवला,
आणि बोट थेट पलीकडच्या कडेला टेकवलं.
बोट तिकडं जात नाही, म्हणाला.
हजारो किलोमीटर.
एवढं येऊनसुद्धा मी चुकीच्याच दारात उभी.

दुसऱ्याच कुणाचं केंद्र. तांबड्या भिंती,
डिझेलचा वास. तो मात्र ओळखीचा.
पेंग्विनांचा वास, त्याबद्दल न बोललेलं बरं.
सगळे फोटोत गुंतलेले असताना
एक पोरगी मागच्या दारानं बाहेर आली, हातात वही.
बर्फात चार पायांवर उभी
पांढऱ्या झडपांची पेटी.

तीच. तसंच कुरकुरणारं बिजागर.
ती वाकली, आणि मीही वाकले लांबूनच,
सवयीनं.
तिनं श्वास रोखला. मी रोखला.
त्या अवघ्या खंडावर तेवढा वेळ
आमच्या दोघींची वाफ नव्हती.

तिनं बोटांनी दोन दाखवले
आणि हवेत एक आडवी रेघ ओढली.
नुसता आडवा धागा, ताण्याशिवाय.
मग माझ्याकडं पाहून हनुवटी उचलली: तुमच्याकडं?
मी दहा बोटं चारदा उघडली, वर चार.
ती हसली. तिला वाटलं, मोजताना चुकले.

आता मे आहे.
वेधशाळेत यंत्र बसलंय, आकडे आपोआप पुण्याला जातात,
पेटीजवळ कुणी वाकत नाही.
मी घरच्या गच्चीवर वाकते. साडेपाचला.
राजमणी खालून ओरडते, काय बघलालीस गे रोज रोज?

पंचेचाळीस पूर्णांक एक.
त्याच्याखाली एक आडवी रेघ काढते
आणि पुढची जागा कोरी सोडते.
बेरीज होत नाही.
शेरा: वारा पडलेला. चटणी भरपूर.